निबंधाचा पहिला परिच्छेद : बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची प्रस्तावना

(बुलढाणा येथे विद्यार्थी आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

समोर दहावी-बारावीची मुलं दिसतायत, काही स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आहेत, मागे पालक बसलेत. मला दिलेला विषय साधा आहे : निबंधाचा पहिला परिच्छेद कसा लिहावा. आता मी पडलो इतिहासाचा माणूस. तेव्हा युक्त्या सांगण्यापेक्षा मी तुम्हाला एक जुना परिच्छेद उलगडून दाखवतो. तो 1882 साली पुण्यात छापला गेला, आणि तो लिहिणारी बाई याच गावची होती.

पण आधी एक कबुली द्यायला हवी. मी काही वर्षं मुलांना निबंधही शिकवलाय, आणि इतरांसारखाच शिकवलाय. सुरुवात सुविचारानं करा, मग 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' असं काहीतरी म्हणा, मग विषयाचं नाव घ्या. एके वर्षी 'पाणी हेच जीवन' या विषयाचे निबंध तपासत होतो. गठ्ठ्यातल्या बहुतेकांची सुरुवात एकच. का? तर ती मीच फळ्यावर लिहून दिलेली. एका मुलीच्या निबंधात मात्र तिसऱ्या परिच्छेदात, मधेच, एक वाक्य होतं. आमच्या गावात टँकर मंगळवारी येतो, म्हणून मंगळवारी मी शाळेत नसते. बस, एवढंच. पुढच्या ओळीत ती परत 'जलसंवर्धन काळाची गरज' वर गेली. मी तिला सुरुवातीचे पूर्ण गुण दिले आणि त्या वाक्यापाशी काहीही लिहिलं नाही. हे मला आजही टोचतं. त्या निबंधाची खरी सुरुवात तिसऱ्या परिच्छेदात लपून बसली होती, आणि ती तिथं लपवायला तिला मीच शिकवलं होतं.

असो. आता जुन्या गोष्टीकडे वळू.

सुरुवात कशी करावी हा प्रश्न काही इंग्रजी शाळांबरोबर आपल्याकडे आला नाही. दासबोधाचा पहिला दशक, पहिला समास उघडून बघा. त्या समासाचं नावच 'ग्रंथारंभलक्षण'. तिथं समर्थ सुरुवातीलाच श्रोत्यांना प्रश्न विचारायला लावतात : हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितलंय, आणि ऐकून मिळतं काय? म्हणजे वाचकाच्या मनात जे येणारच आहे ते आधीच त्याच्या तोंडून वदवून घेतलं. आणि त्याच्याही आधी संस्कृत पंडितांनी याचा पक्का हिशेब मांडून ठेवला होता. त्याला अनुबंधचतुष्टय म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट सोपी. ग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी कळल्या पाहिजेत : विषय कोणता, प्रयोजन काय, ग्रंथाचा आणि विषयाचा संबंध कसा, आणि अधिकारी कोण. अधिकारी म्हणजे हा ग्रंथ वाचायला लायक कोण. हा चौथा शब्द जरा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

'निबंध' हा शब्दसुद्धा जुनाच. पूर्वी निबंध म्हणजे धर्मशास्त्रातली वचनं विषयवार बांधून काढलेला मोठा ग्रंथ. यादवांच्या काळातल्या हेमाद्रीचा 'चतुर्वर्गचिंतामणी' हा असला निबंधग्रंथ. हेमाद्री म्हणजे आपला हेमाडपंत हो. लोणारचं दैत्यसूदनाचं देऊळ बघून आपण ज्याचं नाव घेतो तोच. एकोणिसाव्या शतकात हा शब्द इंग्रजी 'एसे'साठी वापरात आला. जानेवारी 1874 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली. तिचे 84 अंक निघाले आणि निबंध हा पुण्याच्या विद्वानांचा प्रांत झाला. मार्च 1882 मध्ये शास्त्रीबुवा वारले. आणि त्याच वर्षी पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून एक छोटी पुस्तिका बाहेर पडली. किंमत नऊ आणे, प्रती 500. नाव 'स्त्रीपुरुष तुलना'. नावाखालीच लिहिलेलं, की हा निबंध आहे. लेखिका ताराबाई शिंदे, बुलढाणा.

त्या वेळचं बुलढाणं डोळ्यांपुढे आणा. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात. जिल्ह्याचं ठाणं इथं घाटावर, थंड हवेचं म्हणून साहेबाला आवडणारं. रेल्वे खाली मलकापूरला. इथं तर ती आजही आली नाही, तो वेगळा विषय! (हशा) ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. मुलीला त्यांनी घरीच शिकवलं. मराठा घराणं, बाईनं उंबऱ्याच्या आत राहायची रीत. अशा घरात बसून ही बाई वर्तमानपत्रं वाचत होती, पुराणं वाचत होती, 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या तेव्हाच्या कादंबऱ्या वाचत होती. नुसती वाचत नव्हती, त्यांतल्या बायका कशा खोट्या रंगवल्यात यावर चिडतही होती.

लिहायला कारण झालं सुरतेत. 1881 साली तिथल्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. आरोप असा, की तिनं आपलं मूल जन्मल्यावर मारलं. सुरतेच्या न्यायालयानं फाशी सुनावली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली, पुढे शिक्षा आणखी कमी झाली. वर्तमानपत्रांतून यावर बरंच रान उठलं. 'पुणे वैभव' या पत्रानं तर या निमित्तानं सगळ्या बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं. त्या मुलाचा बाप कोण, तो कुठंय, त्याला कुणी काही विचारलं का, हे मात्र चर्चेत नव्हतं. लुगडं दिसलं, धोतर दिसलंच नाही.

आता तुम्ही ताराबाईंच्या जागी आहात असं समजा. हातात ते वर्तमानपत्र आहे, डोक्यात संताप आहे, समोर कोरा कागद. पहिलं वाक्य काय लिहाल? मी तरी सुरतेच्या खटल्यापासून सुरुवात केली असती. ताज्या बातमीनं वाचक पकडता येतो, आजही तेच शिकवतात. ताराबाईंच्या पहिल्या वाक्यात ना सुरत आहे, ना वर्तमानपत्र, ना विजयालक्ष्मी. त्या सुरुवात करतात परमेश्वरापासून. ही अचंब्याची सृष्टी ज्यानं निर्माण केली, त्यानंच बाई आणि पुरुष दोघांनाही घडवलं, असं म्हणतात आणि त्याच दमात प्रश्न टाकतात : सगळं साहस, सगळे दुर्गुण बायकांच्याच अंगी आहेत, की जे बायकांत आहेत तेच पुरुषांतही आहेत?

इथं थांबू या. देवाचं नाव घेऊन सुरुवात करणं ही आपली जुनी रीत. पोथी असो की पोवाडा, आधी नमन. ताराबाईंनी रीत पाळली, पण त्या नमनाला कामाला लावलं. निर्माता एकच असेल तर एकाच कारखान्यातून दोन वेगळ्या जातीचे दोष कसे निघतील? देवाचं नाव हे तिथं मंगलाचरण राहत नाही, तो युक्तिवादाचा पाया होतो. तुम्ही देव मानता ना, मग पुढचंही मानावं लागेल. धर्मानं बोलणाऱ्या वाचकाला पहिल्याच वाक्यात पळवाट उरत नाही.

दुसरी गोष्ट, 'साहस' हा शब्द. आज साहसी म्हटलं की आपल्याला गिर्यारोहण आठवतं. जुन्या भाषेत साहस म्हणजे अविचारानं, बेधडक केलेलं वाईट कृत्य. धर्मशास्त्रात तर साहस हा गुन्ह्याचा प्रकार, बळजोरी, दांडगाई. बायकांच्या स्वभावदोषांच्या ज्या याद्या संस्कृत श्लोकांतून चालत आल्या त्यांत साहस हमखास असतं. ताराबाईंनी हाच शब्द उचलला आणि पुस्तकाच्या नावातच विचारलं, की दोघांत साहसी कोण ते स्पष्ट करून दाखवते. पुढे निबंधात त्या असल्याच एका श्लोकातले बायकांवरचे आरोप एकेक करून घेतात, संशय, उद्धटपणा, साहस, कपट, आणि प्रत्येक वेळी विचारतात, की बाबांनो, हे तुमच्यात नाही का? म्हणजे अख्ख्या निबंधाचा सांगाडा पहिल्या प्रश्नात आहे. पहिला परिच्छेद वाचून मागचं पुस्तक मिटलं, तरी पुढे काय येणार हे सांगता येतं. आणि तरी वाचावंसं वाटतं, कारण ती हे कसं करणार याची उत्सुकता लागते.

प्रश्नानंतर हेतू. माझ्या देशातल्या बहिणींचा अभिमान धरून हे लिहिलं, असं सांगतात. आणि मग मर्यादा : कुठल्या जातीकडे, कुळाकडे माझं बोट नाही, ही फक्त बाई आणि पुरुष यांची तुलना आहे. हे वाक्य आज आपल्याला सरळ वाटतं. 1882 मध्ये ते सरळ नव्हतं. सुरतेची विजयालक्ष्मी ब्राह्मण, लिहिणारी मराठा, वडील सत्यशोधक. 'बघा, ब्राह्मणांच्या घरात काय चालतं' असा निबंध लिहिणं तिला फार सोपं होतं, टाळ्याही मिळाल्या असत्या. तिनं तो दरवाजा स्वतःहून बंद केला. माझ्या मते त्या परिच्छेदातलं सगळ्यांत धीट वाक्य ते आहे. मी काय लिहिणार नाही हे सांगायला जास्त हिंमत लागते. तुमचे निबंध बघा, 'प्रदूषण' विषय दिला की हवा, पाणी, ध्वनी, प्लॅस्टिक, ओझोन, सगळं आत. पोळ्याला बैल सजवतात तसा निबंध. चालायचा कुठं ते कुणालाच माहीत नाही.

आता तो चौथा शब्द, अधिकारी.

जुन्या पंडिताला प्रश्न पडे, की माझा ग्रंथ वाचायचा अधिकार कुणाला? स्वतःला लिहायचा अधिकार आहे की नाही, ही शंका त्याला कधी आलीच नाही. ताराबाईंपुढे प्रश्न उलटा होता. वाचणारे सगळे अधिकारीच, पुरुष, शिकलेले. लिहिणारीलाच विचारणार, की तू कोण? म्हणून प्रस्तावनेत पुढे त्या म्हणतात : हा माझा पहिलाच प्रयत्न, मी घरात कोंडलेली, बुद्धीनं मंद, लिहायचं कसं मला ठाऊक नाही. झालं, हे वाचून काही अभ्यासकांना वाटतं, बिचारी किती नम्र. मला नाही तसं वाटत. कारण लगेच त्या सांगतात, की पुरुषांचे भयंकर प्रकार रोज नवेनवे दिसतायत, त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, सगळं खापर बायकांवर. ते बघून मन खवळलं, भीती उरली नाही, म्हणून भाषा अशी कडक झाली. आणि याहून कडक शब्द सापडले असते तर तेही वापरले असते!

बघा हं, काय केलं ते. आधी हात जोडले, आणि जोडलेल्या हातांतच चाबूक. 'मला लिहिता येत नाही' असं म्हणून तिनं टीकाकाराचं पहिलं हत्यार काढून घेतलं. आता भाषेच्या चुका काढणाऱ्यानं काय काढायचं? मग अधिकार कशावर उभा केला? शिक्षणावर नाही, घराण्यावर नाही. मी हे रोज बघते, यावर. आमच्या त्या मंगळवारच्या मुलीकडे हाच अधिकार होता. टँकरची रांग तिनं बघितलेली, मी नाही.

ताराबाईंच्या आधी सत्तावीस वर्षं असाच एक आरंभ मराठीत झाला होता, तोही सांगतो. मुक्ता साळवे, पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. 1855 साली 'ज्ञानोदय' मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध दोन हप्त्यांत आला. तिचीही सुरुवात ईश्वरापासून. मज दुबळीच्या मनात त्यानंच हा विषय भरवला, मी शक्तीप्रमाणे लिहिते, असा सूर. पुन्हा तेच, देव आणि नम्रता. आणि पुढे काही ओळींत ती मुलगी थेट धर्माच्या मुळावर बोट ठेवते : वेद वाचायचा हक्क आम्हाला नसेल तर आमचा धर्म कोणता? या दोघींनी एकमेकींना वाचलं होतं असं मला म्हणायचं नाही. ज्याला बोलायची परवानगी नाही तो माणूस बोलायला लागला की पहिली पावलं कशी टाकतो, ते दोघींत सारखं दिसतं. वरच्यातल्या वरच्याला साक्षीला बोलवायचं, म्हणजे मधल्यांना अडवता येत नाही.

आता याच काळातल्या जोतीरावांची तऱ्हा बघा. 'शेतकऱ्याचा असूड' 1883 चा. त्याच्या सुरुवातीची ती विद्येपासून वित्तापर्यंतची साखळी तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून म्हणत नाही. तिथं नम्रता औषधालाही नाही. एका कारणापासून निघून शेवटच्या परिणामापर्यंत घसरत नेतात, आणि सांगतात की हे सगळं एका अविद्येनं केलं. म्हणजे सुरुवातीचा साचा एकच असतो असं नाही. कोण, कुणाशी, कशासाठी बोलतोय त्यावर तो ठरतो.

मघाशी एका मुलानं मला बाहेर विचारलं, "सर, सुरुवातीलेच काहून एवढं महत्त्व?" त्याला एक उपाय सांगितला, तुम्हालाही सांगतो. निबंध लिहून झाला की पहिला परिच्छेद बोटांनी झाका आणि दुसऱ्यापासून वाचा. काही अडलं नाही, काही हरवलं नाही, तर तो परिच्छेद फुकटचा. काढून टाका. ताराबाईंची प्रस्तावना झाकून बघा. पुढे त्या पुरुषांना ज्या भाषेत झोडपतात, ती भाषा एकदम शिवीगाळ वाटू लागते. बायको मेली की दहाव्या-अकराव्या दिवशी दुसरी करायला तयार होणारा नवरा आणि जन्मभर कोपऱ्यात बसवलेली विधवा, यांची ती तुलना नुसता त्रागा वाटते. प्रस्तावना वाचलेल्याला ती तुलनाच वाटते, कारण तराजू आधी दाखवलेला असतो. आणि व्यवहारातली गोष्ट म्हणजे, पहिला परिच्छेद पहिल्यांदाच लिहून संपवायची घाई करू नका. कच्च्या कागदावर आधी सगळं लिहा, आपलं मंगळवारचं वाक्य कुठं पडलंय ते शोधा, आणि ते उचलून वर आणा. परीक्षेत एवढा वेळ कुठला, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण सरावाला वेळ असतो ना.

या निबंधाचं पुढे काय झालं तेही इतिहास म्हणून सांगायला पाहिजे, कारण सुरुवात कितीही पक्की असली तरी ऐकणारे ऐकतीलच असं नाही. ताराबाईंवर टीका झाली. आणि ती नुसती सनातन्यांकडून नाही, सत्यशोधक चळवळीतल्या माणसांकडूनही झाली. जोतीराव मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. 1885 साली काढलेल्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी आपल्याच माणसांना याबद्दल सुनावलं. त्यानंतर शांतता. पुस्तिका विस्मरणात गेली. 1975 मध्ये डॉ. स. गं. मालशे यांनी ती शोधून पुन्हा छापली, तेव्हा कुठे महाराष्ट्राला कळलं की असं काही आपल्याकडे होतं. 93 वर्षं! 1994 मध्ये रोझालिंड ओ'हॅनलन यांनी इंग्रजीत भाषांतर केलं, आणि आता परदेशातल्या विद्यापीठांतून हा निबंध अभ्यासतात. आणि इथल्या किती शाळांत तो पूर्ण वाचला जातो? मी आज आल्यावर विचारलं तेव्हा हात किती वर आले ते तुम्ही बघितलंच.

काही प्रश्न आहेत का? हो, तू विचार.

(एका विद्यार्थिनीचा प्रश्न : ताराबाईंनी यानंतर दुसरं काही लिहिलं का?)

चांगला प्रश्न आहे. त्यांचं हे एकच पुस्तक आपल्याकडे आहे. त्या पुढे बरीच वर्षं जगल्या, पण नंतरचं लिखाण नाही. आणि म्हणून मला त्या प्रस्तावनेतला एक शब्द वाचताना दर वेळी थांबावं लागतं. त्या म्हणतात, की हा माझा पहिला प्रयत्न. सगळे तिथं नम्रता वाचतात. पण बाळा, जो माणूस 'पहिला' म्हणतो त्याच्या मनात दुसरा असतो, नाही का? तो लिहिलाच गेला नाही, की लिहून कुठल्या पेटीत, कुठल्या फडताळात कसर लागून गेला, कोण जाणे. तुमच्यापैकी कुणाच्या जुन्या वाड्यात मोडी-मराठीची बाडं पडली असतील तर रद्दीत घालायच्या आधी एकदा कुणाला तरी दाखवा.

बरं, मागच्या रांगेतून हात वर आहे. बोला काका.